शहराचं अंदाजपत्रक आणि आपलं गेट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा संक्षेप केला आहे.)



पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगायला आज बरेच वक्ते आहेत. बोअरवेलची गोष्ट सांगितली गेली, गणपतीतल्या नाटकाची सांगितली गेली. समितीने मला विषय दिला होता 'सोसायटी आणि शहर'. मी म्हटलं, मी महापालिकेच्या अंदाजपत्रकावर बोलते. तेव्हा आपल्या चिटणीसांचा चेहरा जरा पडला. 'मॅडम, आनंदाचा कार्यक्रम आहे,' एवढंच म्हणाले. काळजी करू नका. जेवण साडेआठला आहे, त्याच्या आत मी संपवते.

मी सहा वर्षं या सोसायटीची सचिव होते आणि आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली. त्यामुळे अंदाजपत्रक या शब्दाची मला भीती वाटत नाही. पण अंदाजपत्रकात माणसं कुठे असतात, हे मला बँकेने नाही, आपल्या सोसायटीच्या एका सभेने शिकवलं. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

आधी थोडं शहराबद्दल. आपल्या सोसायटीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि सप्टेंबरअखेरच्या आत आपण वार्षिक सर्वसाधारण सभा घेतो. यंदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं की लिफ्टचं काम काढायचं, यावर तासभर वाद घालतो, समोसे खातो आणि घरी जातो. महापालिकाही दरवर्षी हेच करते, फक्त आकडा मोठा असतो. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटी रुपयांचं होतं. ऐकूनच छाती दडपते. पण आपल्या मेंटेनन्ससारखंच आहे ते. वॉचमनचा पगार, वीजबिल, पाण्याच्या पंपाचा खर्च गेला की हातात किती उरतं? तिथेही पगार, पेन्शन, पाणीपुरवठा, वीज, देखभाल हे आधी जातं, आणि उरलेल्यातून नवी कामं करायची असतात.

त्याचा क्रमही ठरलेला आहे. पावसाळा सरत आला की खात्यांच्या मागण्या गोळा व्हायला लागतात. वर्ष संपायच्या आधी आयुक्त आपला मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात. सोळा सदस्यांची ही समिती त्यात फेरफार करते, मग समितीचे अध्यक्ष ते मुख्य सभेत मांडतात. तिथे चर्चा होऊन ३१ मार्चच्या आत मंजुरी आणि १ एप्रिलपासून अंमल. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर काही वर्षं हे सगळं प्रशासकांच्याच हाती होतं, पण तारखांचं चक्र तेच राहिलं.

हे चक्र मी मुद्दाम सांगतेय. आपण नागरिक बहुतेक वेळा चुकीच्या महिन्यात बोलतो. मे महिन्यात कुणाला तरी वाटतं की कोपऱ्यावर दिवा हवा. तो दिवा त्या वर्षीच्या पुस्तकात नसतो. दिवा बंद पडला असेल तर ती तक्रार झाली, ती कधीही करावी, आजच करावी. पण जिथे दिवाच नाही तिथे नवा खांब हवा असेल तर ती मागणी झाली. मागणीला अर्थशीर्षक लागतं, तरतूद लागते, निविदा लागते. म्हणजे तुमची मागणी आदल्या वर्षीच त्या प्रक्रियेत शिरलेली असावी लागते. तक्रार आणि मागणी यांतला हा फरक मला स्वतःला वयाच्या पन्नाशीनंतर कळला.

आता, नागरिकांनी मागणी करायची कुठे? ७४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९२ च्या, मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. कारभार लोकांच्या जवळ यावा हा हेतू. पण सामान्य माणसाला हातात धरता येईल अशी गोष्ट पुण्यात आली ती २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून. तिचं नाव नागरिकांचा सहभाग असलेलं अंदाजपत्रक. मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे या शहराची. तिथे १९८९ पासून वस्तीवस्तीतले लोक सभेत बसून आपल्या भागात आधी काय व्हावं हे ठरवू लागले. पुण्यात तिला आपल्या पद्धतीचं रूप मिळालं. क्षेत्रीय कार्यालयात एक अर्ज मिळतो. त्यावर आपल्या प्रभागातलं छोटं सार्वजनिक काम सुचवायचं: पदपथ, दिवा, बाक, बसथांबा, स्वच्छतागृह अशी कामं. आम्ही अर्ज भरले तेव्हा एका कामाला पाच लाखांची मर्यादा होती आणि प्रभागाच्या एकूण रकमेलाही मर्यादा होती. नगरसेवकांची ती प्रसिद्ध 'स' यादी असते ना, तशी ही म्हणा नागरिकांची यादी. रक्कम एकूण अंदाजपत्रकाच्या मानाने किरकोळ. पण आपल्या गल्लीच्या मानाने किरकोळ नाही.

आमची पहिली फजिती ऐका. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पेपरात वाचलं आणि मी उत्साहाने जाऊन अर्जांचा गठ्ठा घेऊन आले. घरोघरी वाटले. म्हटलं, ज्याला जे हवं ते लिहा. लोकांनी लिहिलं! कुणी लिहिलं, पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवून द्या. कुणी लिहिलं, कुत्र्यांचा बंदोबस्त करा. एका गृहस्थांनी वरच्या मजल्यावरच्यांच्या पाहुण्यांच्या गाड्यांबद्दल लिहिलं. ते वरच्या मजल्यावरचे आज पुढच्या रांगेत बसलेत, त्यामुळे नाव घेत नाही. बाकीच्यांनी 'परिसर सुशोभीकरण' असं मोघम लिहिलं. कुठे, किती, कशाचं, काही नाही. एकही काम यादीत आलं नाही, आणि येऊही नये असंच होतं. पार्किंग आपली खासगी जागा, तिथे महापालिका पैसे कसे घालणार? आणि 'सुशोभीकरण' म्हणजे नेमकं काय, हे आम्हालाच सांगता येत नव्हतं. आपल्या अर्जात आपण शहराकडे मागत नव्हतो, बिल्डरकडे मागत होतो.

दुसऱ्या वर्षी शहाणपण आलं. ऑगस्टमध्ये वार्षिक सभा होती. तिच्या शेवटी मी विषय ठेवला: सोसायटीच्या बाहेरचं, सगळ्यांच्या उपयोगाचं एकच काम निवडायचं आणि सगळ्या घरांतून त्याच एका कामासाठी अर्ज द्यायचे. वीस जणांनी वीस गोष्टी मागितल्या तर कुणाचंच कानावर जात नाही, हे आम्हाला कळलं होतं.

फळ्यावर कामं लिहिली. खोडत खोडत दोन उरली. एक होतं मागच्या गल्लीतले दिवे. तुम्हाला आज ती गल्ली उजेडातली माहीत आहे, पण तेव्हा बसथांब्यापासून आपल्या मागच्या भिंतीपर्यंत संध्याकाळी सातनंतर काळोख असायचा. क्लासच्या मुली, रात्रपाळीच्या नर्सबाई, आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशी, सगळ्या तिथूनच जायच्या. मोबाइलचा उजेड पायाशी धरून.

दुसरं काम सुचवलं होतं बी विंगच्या काकांनी. जुनी मंडळी ओळखतील, नवीन मंडळींसाठी सांगते: तळमजल्यावर राहायचे, इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशात कायम छोटी टेप. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन दीड वर्ष झालं होतं, त्या चाकाच्या खुर्चीत होत्या. काका त्यांना रोज संध्याकाळी आपल्या गेटपर्यंत आणायचे. गेटच्या पुढे नाही. कारण बाहेरचा पदपथ रस्त्यापासून चांगला उंच होता, आणि गाड्यांसाठी आपणच केलेल्या उताराने तो मधेच तुटला होता. खुर्ची त्यावर चढायची नाही आणि रस्त्यावरून न्यायची सोय नव्हती.

काकांनी सभेत कागद काढला. म्हणाले, इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे पदपथाची उंची दीडशे मिलिमीटरच्या वर नको, म्हणजे सहा इंच. चालायला मोकळी रुंदी १.८ मीटर हवी. आणि खुर्चीसाठी उतार एकास बारा. सहा इंच चढायला सहा फूट लांबी. त्याहून तीव्र केला तर ढकलणारा थकतो आणि बसलेला घाबरतो. गेटपासून कोपऱ्यावरच्या बागेपर्यंतचा पदपथ त्यांनी स्वतः मोजून आणला होता. पाच लाखांत बसेल असा अंदाजही काढला होता.

सभा गप्प झाली. मग कुणीतरी, वाईट हेतूने नव्हे, म्हणालं, 'काका, तुमची अडचण कळते. पण दिव्यांचा उपयोग शंभर जणांना होईल. उताराचा उपयोग... एकालाच.'

हात वर केले. दिव्यांना एकेचाळीस, उताराला नऊ. त्या एकेचाळिसांत माझा हात होता. माझी मुलगी तेव्हा अकरावीच्या क्लासला जायची.

सचिव म्हणून निर्णय सांगायचं काम माझ्याकडे होतं. सभेत तर सगळ्यांना कळलंच होतं, पण मला वाटलं, घरी जाऊन बोलावं. काकूंना बोललेलं समजायचं, उत्तर द्यायला वेळ लागायचा. मी म्हटलं, 'काकू, यंदा दिवे होऊ दे. पुढच्या वर्षी पहिला नंबर उताराचा, माझा शब्द.' काकूंनी मान हलवली. काका म्हणाले, 'बरोबर आहे. मुलींचं आधी.' आणि आतून दुसरा कागद घेऊन आले. मागच्या गल्लीचा नकाशा, खांब कुठे बसवायचे त्याच्या खुणांसकट. म्हणाले, 'अर्जाला हा जोडा. नुसतं दिवे द्या लिहिलं तर कळत नाही.'

अर्ज भरले गेले. प्रत्येकाला तोच नकाशा जोडला, जवळची खूण लिहिली, अंतर लिहिलं. मार्चमध्ये अंदाजपत्रक आलं तेव्हा आपलं काम यादीत होतं. पण इथे मंडळी थांबू नका, आम्हीही थांबलो नाही. पुस्तकात नाव छापून आलं म्हणजे काम झालं असं नसतं. निविदा निघावी लागते, पावसाळ्यात खोदाई थांबते. शिवाय 'वर्गीकरण' नावाचा एक शब्द आहे, तो लक्षात ठेवा: वर्षाच्या मध्यात एका कामाचा निधी दुसऱ्या कामाकडे वळवता येतो. पुराला, साथीला पैसे लागतात, तेव्हा ही सोय हवीच. पण ज्या कामाचं कुणी विचारतच नाही त्याचा निधी वळवणं सगळ्यात सोपं. म्हणून आम्ही दोघी-तिघी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात जायचो. भांडायला नाही. अर्जाची पोच दाखवायची आणि विचारायचं, कुठपर्यंत आलंय? तिथले कनिष्ठ अभियंता शेवटी आम्हाला पाहिल्यावर फाइल आधीच काढून ठेवायचे.

दिवाळीनंतर दिवे लागले. मावशींनी त्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी नारळ फोडला, तो फोटो याच स्मरणिकेत आहे.

दरम्यान पुढच्या अंदाजपत्रकाचे अर्ज गेले होते. पहिला नंबर उताराचा, मी शब्द पाळला. सगळ्या घरांनी सह्या केल्या. तेही काम यादीत आलं. तुम्हीच हिशोब करा. ऑगस्टमध्ये मागितलेलं काम मार्चमध्ये मंजूर, एप्रिलनंतर निविदा, मग पावसाळा. उतार तयार झाला तो डिसेंबरात. म्हणजे पहिल्या सभेपासून दोन वर्षं आणि चार महिने. यात कुणी दिरंगाई केली असं मी म्हणणार नाही, या चक्राला एवढा वेळ लागतोच.

काकू त्या जुलैमध्ये गेल्या.

(थोडं थांबते.)

'यंदा नाही' हे दोन शब्द मी किती सहज उच्चारले होते, ते मला तेव्हा कळलं. प्राधान्यक्रम ठरवणं म्हणजे यादीत वरचं काय हे ठरवणं, असं आपण समजतो. पण प्रत्येक यादीला खालची बाजू असते आणि तिथे कुणीतरी माणूस असतो. त्याला आपण एक वर्ष थांब म्हणतो तेव्हा ते वर्ष आपल्या हिशोबाने एक असतं, त्याच्या हिशोबाने कदाचित उरलेलं सगळं.

मला पुष्कळ जणांनी समजावलं की निर्णय चुकीचा नव्हता. मलाही तसंच वाटतं. आज पुन्हा ती सभा झाली तरी दिव्यांच्या बाजूने बोलणारे लोक असतील आणि त्यांचं म्हणणं खरं असेल. चूक झाली ती मोजण्यात. 'उपयोग एकालाच' हे वाक्य. उतार झाल्यावर मी सहज गॅलरीतून बघायला लागले. सी विंगमधल्या आजोबा, तुम्ही काठी घेऊन बागेत जायला लागलात ते तेव्हापासून. दोन बाबागाड्या दिसायला लागल्या. कचरा न्यायला येणाऱ्या ताई ढकलगाडी रस्त्यावरून ओढायच्या, त्या पदपथावरून नेऊ लागल्या. पलीकडच्या इमारतीतला कुबड्या घेऊन चालणारा मुलगा मी त्याआधी कधी पाहिलाच नव्हता. तो तिथेच राहत होता, नऊ वर्षं. जो घराबाहेर पडूच शकत नाही तो रस्त्यावर दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याला आपण मोजत नाही. मग म्हणतो, गरज कुणाला आहे?

पुढे २०१६ साली पुणे महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं, त्यात चालणाऱ्याला पहिला मान दिला. त्याच वर्षी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संसदेत झाला. या गोष्टी कागदावर आल्या हे फार मोठं काम आहे. पण कागदावरून आपल्या गेटपर्यंत त्या आणायच्या तर दर ऑगस्टमध्ये कुणीतरी टेप घेऊन मोजायला हवं.

काका त्यानंतर चार वर्षं होते. रोज संध्याकाळी सहाला बाहेर पडायचे, त्या उतारावरून जायचे. एकदा मी विचारलं, 'काका, राग नाही ना आला तेव्हा?' म्हणाले, 'राग कसला? नऊ हात वर झाले होते ना. मला वाटलं होतं, माझा एकच असेल.' मग खिशातून टेप काढून मला दाखवलं: उतार सहा फूट दोन इंच आहे. 'दोन इंच जास्तच दिलेत,' म्हणाले. खूश होते.

आता शेवटचं, आणि हे नव्या समितीसाठी.

गेली काही वर्षं आपण हे अर्ज भरणं सोडून दिलंय. का? एक तर व्हॉट्सॲप ग्रुप आला. खड्ड्याचा फोटो टाकला, चार जणांनी रागावलेले चेहरे पाठवले, की काम केल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे आपली कामं झाली. दिवे आहेत, उतार आहे, बाग आहे. पण मंडळी, मागच्या वस्तीतल्या शाळेसमोर मुलं रस्ता कशी ओलांडतात, ते शाळा सुटताना एकदा जाऊन बघा. ती मुलं आपल्या सोसायटीची नाहीत. पण त्यांच्यातल्या निम्म्यांच्या आया आपल्या स्वयंपाकघरात असतात.

माझी सूचना साधी आहे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर कायमचा एक विषय ठेवा: 'सोसायटीच्या भिंतीबाहेरच्या एका कामाची निवड'. सभा ऑगस्टमध्येच घ्या, म्हणजे अर्जाची वेळ चुकणार नाही. काम निवडण्याआधी दोघा-तिघांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजून यावं. अर्जात जागा, लांबी, जवळची खूण आणि एक साधा नकाशा असावा. पोच जपून ठेवावी. आणि पुढे वर्षभर महिन्यातून एकदा जाऊन विचारावं.

आणि आणखी एक. ज्या कामांना त्या वर्षी 'नाही' म्हणाल, त्यांची यादी इतिवृत्तात लिहा. कुणी सुचवलं होतं, किती हात वर झाले होते, सगळं. पुढच्या वर्षीची सभा त्या यादीपासून सुरू करा, म्हणजे थांबलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून मागावं लागणार नाही. शहराच्या साडेबारा हजार कोटींवर आपला ताबा नाही. पण आपल्या इतिवृत्ताची वही आपल्याच कपाटात आहे, तिसऱ्या फळीवर. किल्ली चिटणीसांकडे आहे.

त्या वहीत त्या सभेचं पान मी काल काढून पाहिलं. माझंच अक्षर आहे. 'ठराव बहुमताने मंजूर' एवढंच लिहिलंय. नऊ हातांचा उल्लेख नाही. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने तेवढी दुरुस्ती मी आज सर्वांसमोर करते: त्या सभेत उताराच्या बाजूने नऊ मतं होती.

साडेआठ व्हायला पाच मिनिटं आहेत. श्रीखंड-पुरी आहे असं ऐकते. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.